दुसऱ्या पालकाची सही

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या बालकल्याण यंत्रणेने डिसेंबर २००४ मध्ये दोन लहान भावांना त्यांच्या घरातून काढून तात्पुरत्या संगोपनासाठी एका पुरुषाच्या घरी आणून ठेवले. थोरला चार वर्षांचा होता आणि धाकटा चार महिन्यांचा. थोरला सुरुवातीला बोलतच नव्हता. धाकट्याला दूध मिळाले का, त्याचे कपडे बदलले का, एवढीच त्याची काळजी होती, अशी नोंद पुढे न्यायालयाच्या निकालपत्रात आली. त्या घरात तो पुरुष आपल्या पुरुष जोडीदारासह राहत होता. मुले तिथे रुळली, बोलू लागली, शाळेत जाऊ लागली. जन्मदात्यांचे हक्क संपुष्टात आल्यावर त्या पुरुषाने दोघांना दत्तक घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा मात्र समलिंगी व्यक्तीला दत्तक घेण्यास बंदी करणारा १९७७ चा कायदा राज्याने पुढे केला. हा माणूस पालक म्हणून योग्य आहे आणि दत्तक होण्यात मुलांचे हित आहे, या दोन्ही गोष्टी न्यायालयात राज्यालाही मान्य होत्या. ज्या यंत्रणेने मुले स्वतः त्याच्या हवाली केली होती, तीच आता त्यांना त्याची मुले म्हणू देत नव्हती. २०१० मध्ये अपील न्यायालयाने हा कायदा राज्यघटनेच्या समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवला आणि दत्तकावर शिक्कामोर्तब झाले.

समलिंगी जोडप्यांना दत्तकाचा हक्क द्यावा की नाही, या प्रश्नाने हा वाद सहसा सुरू होतो आणि बहुधा तिथेच अडकून पडतो. मला तो प्रश्न भलत्या टोकाने धरलेला वाटतो. मूल मिळण्याचा हक्क कोणालाच नसतो. विवाहित स्त्री-पुरुषांनाही नसतो. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही, या विषयावरचे निकाल देताना, मानवी हक्कांच्या करारात दत्तक घेण्याचा हक्क अंतर्भूत नाही हे स्पष्ट केले आहे. मग कायद्यापुढे खरा प्रश्न उरतो तो मुलाचा. एखादे मूल दोन माणसांच्या घरात वाढत असताना त्यांपैकी एकालाच पालक मानायचे आणि दुसऱ्याला परका ठरवायचे, यात त्या मुलाचे कोणते हित साधते? जगभरच्या कायद्यांचा गेल्या पंचवीस वर्षांचा प्रवास पाहिला, तर बंदीच्या बाजूने या प्रश्नाला पटेल असे उत्तर मला कुठेही सापडलेले नाही.

दत्तक या संस्थेचा हेतूच काळाच्या ओघात पालटला आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवे. रोमन कायद्यात काय किंवा धर्मशास्त्रात काय, दत्तक होते ते घराण्यासाठी: वंश चालावा, वारस मिळावा, पितरांची कार्ये खंडित होऊ नयेत म्हणून. मुलाला घर हवे की नको, हा विचार त्यात गौण होता. मुलाचे कल्याण पाहूनच न्यायालयाने दत्तकाला मान्यता द्यावी, ही आधुनिक कल्पना १८५१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यात आली. इंग्लंडला त्यासाठी १९२६ पर्यंत थांबावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात हा बदल पूर्णत्वाला गेला. त्या करारातील एक बारकावा वकिलांखेरीज फारसा कोणी पाहत नाही. मुलांविषयीच्या सर्वसाधारण निर्णयांबाबत, म्हणजे कलम ३ मध्ये, मुलाचे हित हा ‘एक प्रमुख’ विचार असावा असे म्हटले आहे. दत्तकाविषयीच्या कलम २१ मध्ये मात्र तो ‘सर्वोपरी’ विचार असावा, अशी भाषा आहे. दत्तकाच्या बाबतीत मुलाचे हित इतर हितांशी तोलायचे नसते, ते त्या सगळ्यांच्या वर असते, हे जगातील जवळजवळ प्रत्येक देशाने सही करून मान्य केले आहे.

आज साधारण चाळिसाच्या आसपास देशांत समलिंगी जोडप्यांना संयुक्तपणे दत्तक घेता येते. नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ रोजी समलिंगी विवाह आणि संयुक्त दत्तक यांची दारे एकदमच उघडली. त्यानंतर स्वीडन, स्पेन, ब्रिटन, नॉर्वे, अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, न्यूझीलंड, आयर्लंड, कोलंबिया, जर्मनी असा विस्तार होत गेला. क्यूबाने सप्टेंबर २०२२ मध्ये कुटुंबविषयक संहितेवर सार्वमत घेऊन हा बदल केला, ग्रीसने २०२४ मध्ये संसदेत मतदान करून. आफ्रिकेत मात्र दक्षिण आफ्रिका एकटीच उभी आहे, आणि आशियात इस्राएल, तैवान व थायलंड यांच्यापलीकडे यादी सरकत नाही. अनेक मुस्लिम देशांत हा प्रश्न या स्वरूपात उद्भवतच नाही, कारण तिथे मुलाचे कुळ बदलणारे पूर्ण दत्तकच कायद्याला मान्य नाही. त्याऐवजी ‘कफाला’ म्हणजे संगोपनाची जबाबदारी घेण्याची पद्धत आहे आणि बालहक्क करारानेही तिची दखल घेतली आहे. तेव्हा नकाशावर दोन रंग फासून जगाचे पुढारलेले आणि मागासलेले असे भाग पाडणे फारसे उपयोगाचे नाही. रंगांच्या मधल्या छटांमध्ये काय घडते, ते पाहणे अधिक बोधक आहे.

ती मधली छटा म्हणजे एकट्या व्यक्तीचे दत्तक. समलिंगी जोडप्याला नकार देणाऱ्या कितीतरी देशांनी अविवाहित व्यक्तीला दत्तक घेण्याची मुभा पूर्वीपासून दिलेली होती आणि आजही दिलेली आहे. त्यामुळे व्यवहारात होते असे, की दोघांपैकी एकजण एकटा म्हणून अर्ज करतो, मूल घरी येते, दोघे मिळून वाढवतात आणि कागदावर पालक एकच राहतो. बंदीमुळे मूल त्या घरात येण्याचे टळत नाही. टळते ते एवढेच, की दुसऱ्या माणसावर मुलाचा कायदेशीर हक्क निर्माण होत नाही. त्याचा वारसा मुलाला आपोआप मिळत नाही, त्याच्याकडून पोटगी मागता येत नाही, आणि कागदावरचा पालक अचानक वारला तर, ज्याच्या मांडीवर ते मूल वाढले त्याच्याकडेच ते राहील याची हमी नसते. बंदीचे समर्थन करताना मुलांच्या रक्षणाची भाषा वापरली जाते. प्रत्यक्षात तिचा जो एकमेव खात्रीचा परिणाम आहे, तो मुलाचे अर्धे संरक्षण काढून घेण्याचा.

दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयासमोर २००२ मध्ये आलेला दु टॉइट खटला या दृष्टीने मुळातून वाचण्याजोगा आहे. दोन स्त्रिया दीर्घकाळ एकत्र राहत होत्या. एक बहीण आणि एक भाऊ अशी दोन मुले त्यांच्या घरी आली. पालक म्हणून त्यांची पारख झाली, तीही दोघींची मिळून. दत्तकाची वेळ आली तेव्हा कायद्यात संयुक्त दत्तक फक्त विवाहितांसाठी असल्याने मुले एकीच्याच नावावर चढली. ती पेशाने न्यायाधीश होती, त्यामुळे मुलांसोबत अधिक वेळ दुसरीचा जाई. म्हणजे मुलांना शाळेत नेणारी, आजारपणात उशाशी बसणारी जी होती, तिच्याच सहीला शाळेच्या किंवा दवाखान्याच्या संमतीपत्रावर कायदेशीर किंमत नव्हती. न्यायालयाने हा कायदा समता, मानवी प्रतिष्ठा आणि मुलाचे हित या तिन्ही कसोट्यांवर घटनाबाह्य ठरवला. विशेष म्हणजे त्या वेळी त्या देशात समलिंगी विवाहाला मान्यता नव्हती. ती २००६ मध्ये आली. ‘आधी विवाह, मग दत्तक’ हा क्रम अटळ नाही, हे त्या निकालाने सिद्ध केले.

तो क्रम किती लवचिक आहे, याची आणखीही उदाहरणे देता येतात. बेल्जियमने विवाहाला २००३ मध्ये मान्यता दिली आणि दत्तकाला २००६ मध्ये. पोर्तुगालने २०१० मध्ये विवाहाचा कायदा करतानाच दत्तकाचा अधिकार त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला, आणि तो द्यायला पुढे सहा वर्षे लावली. तेव्हाही राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला आणि संसदेला पुन्हा मतदान करून तो मोडून काढावा लागला. इक्वाडोरमध्ये २०१९ पासून समलिंगी व्यक्तींना लग्न करता येते, परंतु २००८ च्या राज्यघटनेतच दत्तक फक्त भिन्नलिंगी जोडप्यांसाठी आहे असे लिहून ठेवलेले आहे. त्या देशात दोन स्त्रिया कायद्याने पती-पत्नीसारख्याच विवाहित असू शकतात, एकत्र कर्ज काढू शकतात, एकमेकींच्या वारस होऊ शकतात; एकत्रितपणे मूल दत्तक मात्र घेऊ शकत नाहीत. जोडप्याचे नाते मान्य करण्यापेक्षा त्यांचे पालकत्व मान्य करणे समाजाला जड जाते. दोन प्रौढांनी आपसांत काय करावे हा त्यांचा प्रश्न, पण ‘मुलांचे काय’ असे म्हटले की उदारपणाला लगाम बसतो. ही भीती मी थट्टेवारी नेणार नाही. मुलांच्या बाबतीत समाजाने अधिक सावध असणे योग्यच आहे. प्रश्न आहे तो ही सावधगिरी नेमकी कुठे खर्च होते याचा.

जर्मनीत ती कुठे खर्च होत होती ते पाहा. २००५ पासून नोंदणीकृत जोडीदाराला, म्हणजे विवाहाऐवजी नात्याची सरकारी नोंद केलेल्या समलिंगी व्यक्तीला, आपल्या जोडीदाराचे जैविक मूल दत्तक घेता येत असे. जोडीदाराने आधीच दत्तक घेतलेले मूल मात्र घेता येत नसे. म्हणजे एकाच देशात, एकाच प्रकारच्या घरात, औरस मुलाला दोन पालक मिळत आणि दत्तक मुलाला एकच. मुलाच्या हिताशी या भेदाचा काय संबंध, हे कोणालाच सांगता आले नाही, आणि १९ फेब्रुवारी २०१३ रोजी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला. योगायोग असा, की त्याच दिवशी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ऑस्ट्रियाविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला: अविवाहित भिन्नलिंगी जोडप्यातील एकाला दुसऱ्याचे मूल दत्तक घेता येते, तर समलिंगी जोडप्याला ते नाकारण्याचे पुरेसे कारण राज्याने दिलेले नाही. तैवानने २०१९ मध्ये विवाहाचा कायदा करताना पुन्हा जर्मनीसारखेच कुंपण घातले. फक्त जोडीदाराचे जैविक मूल दत्तक घेण्याची सोय ठेवली. मग एका जोडप्याला न्यायालयात जाऊन, आपल्याच घरातल्या मुलासाठी, अपवाद मिळवावा लागला, आणि मे २०२३ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त केला. जर्मनीतला हाच गोंधळ दहा वर्षांपूर्वीच उघडा पडला होता, तरी प्रत्येक देश आपली पायरी स्वतःच ठेचकाळून शिकतो असे दिसते.

देशाच्या किंवा राज्याच्या सीमा ओलांडल्यावर काय होते, हा याहून बिकट भाग आहे. अमेरिकेत एका स्त्रीने २००७ मध्ये जॉर्जिया राज्याच्या न्यायालयातून आपल्या जोडीदार स्त्रीची तीन मुले, तिच्या संमतीने, रीतसर दत्तक घेतली. पुढे अलाबामात राहत असताना दोघी विभक्त झाल्या, आणि जॉर्जियाच्या न्यायालयाला हे दत्तक मंजूर करण्याचा अधिकारच नव्हता असे ठरवून अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवादाचीही गरज न मानता तो निर्णय एकमताने फिरवला. पण तोपर्यंत त्या मुलांची आई राज्यागणिक बदलत होती. युरोपात २०१९ मध्ये स्पेनमध्ये जन्मलेल्या एका मुलीच्या दाखल्यावर दोन आयांची नावे होती. त्यांपैकी एक बल्गेरियाची नागरिक. बल्गेरियातील अधिकाऱ्यांनी दाखला देण्यापूर्वी जन्म दिलेली आई कोणती ते सांगा असे बजावले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये मुलीच्या बाजूने कौल देऊन तिला ओळखपत्र द्यायला सांगितले, तरी बल्गेरियाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२३ मध्ये ती बल्गेरियाची नागरिकच नसल्याचे कारण देऊन दार बंद केले. हे प्रकरण काटेकोरपणे दत्तकाचे नाही. परंतु दुसरा पालक कायद्याने पुसून टाकला की मुलाचे नागरिकत्वही कसे डळमळते, हे त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसेल.

इटलीने २०१६ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या नागरी बंधनाचा, म्हणजे विवाहाऐवजी नोंदवल्या जाणाऱ्या नात्याचा, कायदा केला, पण जोडीदाराचे मूल दत्तक घेण्याचे कलम त्यातून ऐन वेळी गाळले. मग न्यायालयांनी १९८३ च्या जुन्या दत्तक कायद्यातील ‘विशेष प्रकरणे’ या कलमाच्या आधारे एकेका कुटुंबाला वाट करून दिली. २०२३ मध्ये पादुआ शहराच्या सरकारी वकिलांनी दोन आयांची नावे असलेल्या तीसहून अधिक जन्मदाखल्यांना आव्हान दिले. काही मुले तोवर शाळेत जाऊ लागली होती. अखेर मे २०२५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने, परदेशात गर्भधारणेसाठी घेतलेल्या उपचारांनंतर इटलीत जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत दुसऱ्या आईला नाकारणे घटनाबाह्य ठरवले. संसदेने एका ओळीने सोडवायचा प्रश्न न्यायालयांवर ढकलला की तो असा वर्षानुवर्षे, घराघरातून, वकिलांची फी मोजत सुटतो.

विरोध करणाऱ्यांमध्ये सगळ्यात सुसंगत भूमिका हंगेरीने घेतली, असे मी म्हणेन. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी राज्यघटनेत आई म्हणजे स्त्री आणि वडील म्हणजे पुरुष असे लिहिले, आणि त्याचबरोबर एकट्या व्यक्तीच्या दत्तकाची वाट जवळजवळ बंद करून ती मंत्र्याच्या विशेष परवानगीवर सोपवली. बंदी खरोखर पाळायची असेल तर हेच करावे लागते, कारण समलिंगी जोडपी त्याच वाटेने येत असतात. त्याची किंमत मात्र प्रत्येक एकट्या स्त्रीने मोजायची, मग तिचा या वादाशी संबंध असो वा नसो. आणि घराची वाट पाहणाऱ्या मुलांसाठी तेवढी घरे कमी झाली ती वेगळीच. फ्रान्सलाही २००८ मध्ये स्ट्रासबर्गमध्ये हाच तर्क ऐकून घ्यावा लागला होता: एकट्या व्यक्तीला दत्तक घेऊ देता, तर अर्जदार स्त्री समलिंगी आहे म्हणून तिला नाकारता येणार नाही.

आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार आक्षेप आई आणि वडील दोघांच्याही सहवासाचा आहे. मुलाला दोन्ही मिळावेत ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तिला कोणी पूर्वग्रह म्हणून झटकू नये. परंतु दत्तकाचा निर्णय कोणत्याही आदर्श घराशी तुलना करून होत नसतो. न्यायाधीशासमोर एक विशिष्ट मूल असते, त्याच्या वाट्याला आलेले एक विशिष्ट घर असते, आणि पर्याय बहुधा संस्थेतील खाट किंवा आणखी एक तात्पुरते घर हा असतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००२ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून अशा दत्तकाला पाठिंबा दिला आहे. पण समजा सगळे संशोधन बाजूला ठेवले, तरी ज्या राज्याला एकट्या पुरुषाचे किंवा एकट्या स्त्रीचे घर चालते, त्याने आई आणि वडील दोघेही हवेतच हा आग्रह आधीच सोडलेला असतो. त्यानंतर दुसऱ्या पालकाला नकार देताना तोच आग्रह पुन्हा काढणे तर्काला धरून नाही.

धार्मिक संस्थांचा प्रश्न मला खरोखर अवघड वाटतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, समलिंगी जोडप्यांना संगोपनासाठी पात्र ठरवायला नकार देणाऱ्या फिलाडेल्फियाच्या एका कॅथलिक संस्थेच्या बाजूने एकमताने निकाल दिला. इंग्लंडमध्ये समतेचे नियम लागू झाल्यावर काही कॅथलिक दत्तक संस्थांनी काम थांबवले, तर काहींनी चर्चशी असलेले नाते तोडून काम चालू ठेवले. वर्षानुवर्षे अनाथ मुलांसाठी झटलेल्या माणसांना दारे लावायला भाग पाडणे ही काही आनंदाची गोष्ट नाही. तरीही माझा कल असा आहे, की सरकारच्या वतीने आणि सरकारच्या पैशावर मुलांना घरे शोधून देणारी संस्था ते घर आपल्या श्रद्धेच्या चाळणीतून काढू शकत नाही. स्वतःच्या निधीवर चालणाऱ्या संस्थेला अधिक मोकळीक देता येईल, मात्र तिथल्या मुलांना दुसरे दार उपलब्ध असले पाहिजे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाच्या याचिका फेटाळल्या, तेव्हा दत्तकाचा मुद्दा तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाली निघाला. २०२२ च्या दत्तक नियमावलीतील नियम ५(३) नुसार जोडप्याला मूल देण्यापूर्वी त्यांचे किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक नाते असावे लागते. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांनी हा नियम मूळ कायद्याच्या कक्षेबाहेर ठरवला. न्यायमूर्ती भट, कोहली आणि नरसिंह यांच्या बहुमताने तो टिकवला. बहुमताचा तर्क असा की विवाहामुळे पालकांवर बंधने येतात आणि नाते तुटले तरी कायद्याचे संरक्षण मुलापर्यंत पोहोचते. अविवाहित जोडप्याच्या बाबतीत ते पोहोचणार नाही. हा तर्क वरवर सावध वाटतो, पण त्याच कायद्याने एकट्या व्यक्तीला दत्तक घेता येते, आणि तिथे तर दुसरा बांधील माणूस मुळातच नसतो. शिवाय २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दत्तक मूल सर्व अर्थांनी दत्तक पालकांचे मूल होते. जबाबदारी जन्माला येते ती पालकत्वातून, पालकांच्या आपसांतल्या लग्नातून नाही. दोघांनी सही केली तर दोघेही मुलाला थेट बांधील होतील. एकानेच केली तर दुसरा आज निघून जाऊ शकतो आणि मुलाला त्याच्याकडे काहीही मागता येणार नाही.

न्यायमूर्ती भट यांनीही अधिकाधिक मुलांना सुरक्षित घर मिळावे यासाठी सरकारने कोणताही धोरणात्मक पर्याय आधीच बाद करू नये, असे नोंदवले आहे. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्याने चेंडू आता संसदेकडे आहे. तिला नवी संहिता लिहिण्याची गरज नाही. दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयाने २००२ मध्ये कायद्यातल्या विवाहित जोडप्याच्या उल्लेखाला कायमस्वरूपी समलिंगी जीवनसाथींचा उल्लेख जोडला आणि बाकीचा कायदा तसाच राहू दिला: घरभेटी, चौकशी, मुलाच्या हिताची तपासणी आणि योग्य न वाटल्यास अर्ज नाकारण्याचा अधिकारसुद्धा.